मोजणीबाईचा रिकामा काटा

चार दिवसांपासून कोरडं वारं सुटलं होतं. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख आणि हवेत ओलाव्याचा टिपूस नाही. ओठ फुटले होते, टाचा उलल्या होत्या, दाराच्या कडीला हात लावला की ठिणगी चावायची. सकाळी चहाचा कप देताना नवऱ्याचा हात तिच्या कोपराला लागला आणि दोघांनाही झटका बसला.

"तीस वर्षांनी का होईना, ठिणगी पडली," नवरा म्हणाला.

"कप धरा नीट. सांडेल."

नवरा बसच्या आगारात वेळापत्रक लावायच्या कामावरून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. घरातली तिन्ही घड्याळं तो अजून रोज सकाळी एकमेकांशी जुळवायचा. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "आज अकराचं ना तुझं ते?"

"हो."

"आमच्या बसा दहा मिनिटं इकडे-तिकडे झाल्या तर लोक फक्त शिव्या घालायचे. तुमचं किती इकडे-तिकडे झालं की बोंब होते?"

"सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. त्यातला एक उचला, त्याचे पुन्हा दहा लाख करा. तसले दीड तुकडे."

"म्हणजे मी शिंकेपर्यंत सगळं होऊन गेलं," नवरा म्हणाला. तिला हसू आलं नाही. डबा उचलून ती निघाली.

ती ज्या प्रयोगशाळेत काम करायची तिथे तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. तिसरा मजला, खिडक्या बंद, मध्ये एक लांब टेबल, त्यावर दोन पुरुष उचलतील एवढं मोठं मोजणीयंत्र आणि त्याच्याभोवती जाड-बारीक तारांचा गुंता. तिथे दुसरं कुणी यायच्या आत तिचं पहिलं काम म्हणजे बादली भरून आणायची, फडकं पिळायचं आणि टेबलाभोवतीची फरशी ओल्या फडक्याने पुसायची. हवा कोरडी असली की माणसाच्या अंगात वीज साठते, आणि बोटातून उडालेली एक ठिणगी चिपचा जीव घेते. साफसफाईच्या माणसाला ती या टेबलाजवळ फिरकू देत नसे. एकदा त्याच्या झाडूने केसाएवढी तार तुटली होती, तेव्हापासून बादली तिची. भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारी तबकडी होती. तिचा काटा आज सतरावर. तीसच्या खाली गेला की तिचा फडक्याशी झगडा सुरू व्हायचा.

फडकं फिरवता फिरवता तिच्या डोक्यात अकरा वाजत होते.

तिच्या गटाने सहा वर्षं खपून एक सर्किट केलं होतं. एका चिपने दुसऱ्या चिपला अतिवेगाने निरोप पाठवायचा तर निरोपाबरोबर घड्याळ पाठवत नाहीत. तेवढी तार परवडत नाही, आणि पाठवलं तरी ते वाटेतच विस्कटतं. मग पलीकडच्या चिपने निरोपाच्या उड्यांवरूनच ताल ओळखायचा, स्वतःचं घड्याळ त्या तालावर चालवायचं आणि बरोबर ठोक्याला अक्षर उचलायचं. ठोका थरथरला की अक्षर चुकतं. ती थरथर कमी करणं हीच त्यांची सहा वर्षं. आणि थरथर किती उरली हे सांगणं हे बाईचं काम.

ती चिप घेणारं मोठं गिऱ्हाईक तीन आठवडे तक्रार करत होतं. चिप त्यांच्या यंत्रात बसवली की पाच-सहा मिनिटं नीट बोलते, मग दुवा तुटतो. बाईचा आकडा मात्र सांगत होता शून्य पूर्णांक सहा. चालण्याची मर्यादा दीड. गटाच्या साहेबांनी तोच आकडा त्यांच्या तोंडावर मारला होता: आमची चिप तुपासारखी आहे, तुमचा बोर्ड तपासा. आज अकरा वाजता फोनवर गिऱ्हाईक ठरवणार होतं, चिप ठेवायची की नाही. नाही म्हणाले तर खेळ खलास. चिप छापायचा नवा साचा करायला आता परवानगी नाही, हे वरून आधीच कळलं होतं. आणि सर्किट काढणाऱ्याला निवृत्तीला चार महिने उरले होते.

त्याला सगळे खोडरबर म्हणायचे. आयुष्यात त्याने काढलं कमी आणि खोडलं जास्त. बाई आणि तो बावीस वर्षं एका टेबलाच्या दोन अंगांना. तो काढायचा, ती मोजायची. तिने "नाही" म्हटलं की तो वाद न घालता खोडायचा. लोक थट्टा करत, याच्या घरी बायको नाही पण इथे सासू आहे.

फरशी झाली. ती टेबलाचा मागचा कठडा पुसायला वाकली तर फडक्याला एक पिवळी चिकटपट्टी चिकटून आली. वाळून कडक झालेली, कडा वळलेल्या. कोरड्या हवेने डिंकाचा जीव गेला होता. तिने ती केराच्या डब्यात टाकायला चिमटीत धरली आणि त्यावरचं अक्षर दिसलं. तिचंच अक्षर. निळ्या शाईत एकच शब्द: तात्पुरतं.

ती पट्टी कुठून पडली हे तिने वर बघून शोधलं. मोजणीयंत्राच्या मागे जी तार यंत्राला "आता चित्र काढ" असा इशारा देते, त्या तारेवरून.

 क्षणभर तिला वाटलं पट्टी परत चिकटवून टाकावी.

यंत्राला इशारा द्यायचा असतो खणात ठेवलेल्या वेगळ्या, खात्रीच्या घड्याळाने. मग चिपचा ठोका त्या पक्क्या खुणेपासून किती हलतो ते दिसतं. दोन वर्षांपूर्वी त्या घड्याळाची पेटी बिघडून दुरुस्तीला गेली होती. आठवडाभराची अडचण म्हणून बाईने इशाऱ्याची तार काढून चिपच्याच घड्याळाच्या टोकाला लावली होती, आणि विसरायला नको म्हणून वर पट्टी डकवली होती. पेटी आठ दिवसांनी दुरुस्त होऊन आली. खाली खणात बसली. तिच्यावर आता कागदांचा ढीग होता. आणि तार तिथेच राहिली, कारण चित्र फार सुरेख यायचं.

यायचंच. एकाच झोपाळ्यावर दोघे बसले तर ते एकमेकांना स्थिरच दिसणार. चिपचं घड्याळ डोलायचं, यंत्राची खूणही त्याच्याबरोबर डोलायची, आणि पडद्यावर सगळं शांत. दोन वर्षं बाई झोपाळ्यावर बसून झोपाळा मोजत होती.

तिचे वडील कोळशाच्या वखारीत काट्यावर होते. सकाळी वखार उघडली की आधी रिकामा काटा बघायचे. पारडं बोटाने उचलायचे, खालून हात फिरवायचे, चिकटलेली भुकटी झटकायचे, मग नुसता काटा डोळ्यांसमोर धरून उभे राहायचे. लहानपणी तिला त्याचा कंटाळा यायचा. ते म्हणायचे, "माल खोटा असला तर एकाचं नुकसान. काटा खोटा असला तर अख्ख्या गावाचं." ती मोजणीच्या धंद्यात पडली ती त्या काळ्या बोटांच्या अभिमानाने. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती वखारीची गोष्ट ऐकवायची. गेली दोन वर्षंही ऐकवत होती.

बाईने मनगटाला अंगातली वीज उतरवणारी जमिनीची तार बांधली. कागदांचा ढीग उतरवला, पेटी ओढून काढली, तार बदलली. पेटी गरम व्हायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत तिने काहीच केलं नाही. स्टुलावर बसून राहिली.

मग पडदा लावला. चांगल्या चिपचं चित्र उघड्या डोळ्यासारखं दिसतं, वर एक पापणी, खाली एक पापणी, मध्ये मोकळी काळी जागा. तिथेच अक्षर उचलायचं. आज त्या पापण्या सुजल्या होत्या, मधली फट चिमटली होती. आकडा आला चार पूर्णांक एक.

तिने तारा सैल करून पुन्हा घट्ट केल्या. चार पूर्णांक एक. दुसरी चिप लावली. चार पूर्णांक तीन.

साडेनवाला खोडरबर आला. कानामागे पेन्सिल, हातात डबा, ओठांना साय लावल्यासारखं मलम. "बाई, आज दाराने तीनदा चावलं मला. कुत्रं परवडलं," म्हणत तो डबा ठेवत होता. तिने नुसती पट्टी पुढे केली.

त्याने वाचली. उलटी करून पाहिली. "काय तात्पुरतं?"

"इशाऱ्याची तार. चिपच्याच घड्याळावर होती."

"कधीपासून?"

"पेटी दुरुस्तीला गेली होती ना, तेव्हापासून."

तो पडद्याकडे गेला, वाकला, चष्मा कपाळावर सरकवून आकडा जवळून पाहिला. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा पाहिला.  यंत्राचा पंखा तेवढा घुरघुरत होता.

"पेटी म्हणजे घट्ट-सैलच्या आधी गेली होती की नंतर?" त्याने विचारलं.

हाच प्रश्न येणार हे तिला वीस मिनिटांपासून माहीत होतं. "आधी," ती म्हणाली. "चार दिवस आधी."

दोन वर्षांपूर्वी खोडरबरने सर्किटाचे दोन नमुने केले होते. चिपच्या घड्याळाने निरोपाचं बोट धरून चालायचं असतं. बोट घट्ट धरलं तर पुढच्याची प्रत्येक ठेच मागच्यालाही लागते. सैल धरलं तर मागचं आपल्याच नादात भरकटतं. खोडरबरला भरकटण्याची भीती होती. त्याचं म्हणणं, घट्टच धरूया. बाईने दोन्ही मोजले. घट्टचा आकडा शून्य पूर्णांक नऊ, सैलचा शून्य पूर्णांक सहा. भरकटणं तर तिच्या झोपाळ्यावरून दिसणारच नव्हतं. भर बैठकीत खोडरबर म्हणाला होता, "माझं मन मानत नाही." आणि बाई म्हणाली होती, "मन घरी ठेवून या. इथे आकडा बोलतो." सगळे हसले होते. तोही हसला होता. संध्याकाळपर्यंत त्याने घट्टचं रेखाटन खोडून टाकलं होतं.

आता तो त्याच्या खणाशी गेला. आतून चष्म्याची एक जुनी डबी काढली. डबीत कापूस, कापसावर नखाएवढा चिपचा तुकडा.

"घट्टचा आहे," तो म्हणाला. "टाकवला नाही मला."

"नको," बाई म्हणाली.

"मोजा."

"अहो, नको. काय करायचंय आता मोजून?"

"बाई, बावीस वर्षांत तुम्ही मला कधी न मोजता सोडलंय का? मोजा."

तिने तो तुकडा चिमट्याने उचलला. मनगट टेबलाला टेकवलं. तुकडा बसवला, तारा जोडल्या, वाट पाहिली. पडद्यावर एकेक रेघ जमत गेली. वरची पापणी, खालची पापणी, मध्ये स्वच्छ जागा. एक पूर्णांक दोन. मर्यादेच्या आत. तिने वीस मिनिटं चालू ठेवला. भरकटला नाही. एक पूर्णांक दोनच.

खोडरबर हाताची घडी घालून पाहत होता. "चांगला होता की," तो म्हणाला. एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात तसा.

"माझ्यामुळे—"

"थांबा. आत्ता नको." त्याने कानामागची पेन्सिल काढली, उगाच हातात फिरवली आणि टेबलावर ठेवली. "मला शिव्या येत नाहीत. येत असत्या तर बरं झालं असतं, तुम्हालाही."

पावणेअकराला दोघे साहेबांच्या खोलीत गेले. साहेब दोघांहूनही वयाने लहान, अंगावर नेहमी इस्त्रीचा शर्ट आणि समोर फळा. बाईने उभ्यानेच सांगितलं. पट्टी, तार, चार पूर्णांक एक. साहेब ऐकता ऐकता खुर्चीत मागे मागे जात राहिले.

"मॅडम, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी मानलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही?"

"मीच."

"हे आजच बोलायला हवंय का? आपण म्हणू, गरम झाल्यावर काहीतरी होतंय, तपासतोय. महिनाभर मिळेल."

"महिन्याने काय होणार आहे?" खोडरबर म्हणाला. "चिप छापून झाली. ती महिन्याने सुधारत नाही. लोणचं आहे का, मुरायला?"

"काका, तुम्ही शांत राहा. तुम्हाला चार महिने राहिलेत. मागे आठ जण आहेत माझ्या."

 साहेब खोटं बोलत नव्हते. ते आठ जण काचेपलीकडे बसून अकराची वाट पाहत होते. त्यांतली एक गरोदर होती. एकाने कालच नवं घर घेतल्याचं सांगत सगळ्यांना चहा पाजला होता.

"साहेब," बाई म्हणाली, "तिकडच्यांनी त्यांच्या बोर्डवाल्याला कामावरून बाजूला काढलंय. गेल्या आठवड्याच्या निरोपात होतं. आपल्या आकड्यावरून काढलंय."

"ते त्यांचं त्यांनी बघायचं."

"आकडा माझा होता."

फोन वाजला. साहेबांनी बटण दाबलं. तिकडून चार-पाच आवाज आले, नमस्कार-चमत्कार झाले. साहेब बोलू लागले, हवामानाबद्दल, सहकार्याबद्दल. त्यांच्या बोलण्यात एक दम घेण्याएवढी फट पडली आणि बाई टेबलावर वाकून फोनमध्ये बोलली.

"मी मोजणी करते. शून्य पूर्णांक सहा हा आकडा खोटा आहे. खरा चार पूर्णांक एक. माझी तार चुकीच्या जागी होती. तुमचा बोर्ड बरोबर होता. तो ज्यांनी केला त्यांना हे माझ्या नावाने कळवा."

साहेबांनी फोन चालू आहे का ते पाहिलं. मग एक वयस्क आवाज आला. "किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं."

"बरं. कळवलंत, आभारी आहोत. आमच्या बाजूने मग आता बोलण्यासारखं काही नाही." आणि खट्.

सगळं मिळून चार मिनिटंही झाली नाहीत. साहेब फळ्याकडे वळले. मग म्हणाले, वरून कालच पत्र आलंय. तिकडून नकार आला तर हे सर्किट बंद, बाहेरचं तयार घ्यायचं. माणसं दुसऱ्या गटांत वाटायची, ज्यांना जागा मिळेल ते. आवाज चढला नव्हता. शेवटी एवढंच म्हणाले, "तुम्ही मला पाच मिनिटं तरी विचार करू द्यायचा होता, मॅडम." बाईला ते बरोबर वाटलं.

काचेपलीकडच्या आठ जणांना साहेबांनी सांगितलं. बाई दारात उभी राहून ऐकत होती. कुणीतरी ओरडेल असं तिला वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. नवं घर घेतलेला नुसता नखं पाहत बसला. गरोदर मुलगी उठून तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बसा ना जरा."  बाईला बसवेना.

ती प्रयोगशाळेत परतली. खोडरबर आधीच आला होता. त्याने घट्टचा तुकडा यंत्रातून काढून पुन्हा कापसावर ठेवला होता. डबी मिटून तो ती तिच्यापुढे सरकवत होता.

"मला कशाला?" ती म्हणाली.

"माझ्याकडे राहिली तर मी रोज उघडून बघणार. चार महिने तेच."

"आणि मी नाही बघणार?"

"तुम्ही बघा. तुमच्याकडे मोजायला यंत्र आहे." बोलून गेल्यावर ते तिला किती लागलं असेल हे कळल्याचं त्याच्या तोंडावर दिसलं. पण शब्द मागे घेतला नाही. आयुष्यभर खोडणारा माणूस, हे एक त्याने खोडलं नाही. डबा उचलून तो जेवायला गेला. रोज दोघे एकत्र जेवायचे. आज त्याने थांबून वळून पाहिलं नाही, आणि तीही मागे गेली नाही.

फोन वाजला. नवरा होता. "झालं का? काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"का?"

तिला वखार आठवली, आणि ते काळं बोट पारड्याखालून फिरताना. वडील असते तर त्यांना काय सांगितलं असतं? "घरी आल्यावर सांगते," ती म्हणाली.

"लवकर येतेस का? सुट्टी टाक."

"नाही. काम आहे."

काम म्हणजे तसं काही नव्हतं. उद्यापासून या टेबलावर काय मोजायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. तिने पिवळी पट्टी टेबलाच्या कडेला ठेवली होती, ती पंख्याच्या वाऱ्याने सरकत सरकत फरशीवर पडली. तिने उचलून केराच्या डब्यात टाकली. डबीकडे न बघता ती खणात सारली. मग जे करायला दोन वर्षं उशीर झाला होता ते केलं. टेबलावरची एकेक तार टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपत, कुठून निघते आणि कुठे जाते ते वहीत लिहीत गेली. सत्तावीस तारा. बाकी सगळ्या बरोबर होत्या.

भिंतीवरच्या तबकडीचा काटा पंधरावर उतरला होता. सकाळी पुसलेली फरशी केव्हाच खडखडीत वाळली होती, जिथे तिथे फडक्याच्या पांढऱ्या रेघा. बाईने बादलीत पाहिलं. पाणी तळाला गेलेलं, गढूळ. ती बादली घेऊन नळाशी गेली, पाणी ओतलं, नवीन भरलं, फडकं बुडवून घट्ट पिळलं आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यापासून पुन्हा पुसायला बसली.